मोबाईलमधील वॉकी-टॉकी : व्यापाऱ्याच्या कामाची की केवळ हौसेची?

गेल्या महिन्यात शेजारच्या गाळ्यातील एक तरुण व्यापारी हातात जाडजूड मोबाईल घेऊन आमच्या पेढीवर आला. फोनच्या बाजूला एक मोठे बटन होते. तो म्हणाला, "चाचा, हे बटन दाबले की गोदामातला माणूस थेट बोलतो. नंबर लावायला नको, घंटी वाजेपर्यंत थांबायला नको. दुकान, गोदाम, टेम्पो आणि कारखाना मिळून असे सहा नग घ्यावेत म्हणतो. आपला मशवरा काय?"

आम्ही त्याला बसवले, चहा मागवला आणि आमचा वीस वर्षांपूर्वीचा तजुर्बा सांगितला. तोच आज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. हल्ली अनेक फोनमध्ये ही सोय येते आणि नसेल तर वेगळा ॲप टाकून करून घेता येते. पैसे खर्च करण्यापूर्वी वस्तू नीट समजून घेतलेली बरी.

वस्तू काय आहे?

वॉकी-टॉकी हा प्रकार दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आला. अमेरिकन सैन्यासाठी मोटोरोलाने (तेव्हाची गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग) पाठीवर वाहून नेण्याचा रेडिओ संच तयार केला आणि चालता चालता बोलता येते म्हणून त्याला हे नाव पडले. त्याची रीत सोपी आहे. बटन दाबून ठेवले की आपण बोलायचे आणि सोडले की ऐकायचे. एका वेळी एकच माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात, येथे तसे होत नाही.

खऱ्या वॉकी-टॉकीत एका संचातून निघालेला आवाज रेडिओ लहरींवरून सरळ दुसऱ्या संचात जातो. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, बिल नाही. पण पल्ला थोडा असतो आणि भिंती, इमारती आडव्या आल्या की तोही घटतो. मोबाईलमधील वॉकी-टॉकीचे बटन तेच, पण आतील वाट वेगळी आहे. आपला आवाज आधी टॉवरकडे, तेथून कंपनीच्या यंत्रणेकडे आणि मग समोरच्या फोनकडे जातो. म्हणून भिवंडीतून सुरतेलाही बोलता येते. मात्र नेटवर्क गेले की बटन निकामी होते. पुष्कळजण हा फरक ध्यानात न घेताच खरेदी करतात.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई-ठाणे परिसरात मोबाईल मुके झाले. अशा वेळी मोबाईलमधील वॉकी-टॉकी मोबाईलइतकीच मुकी असते. २०१७ साली अमेरिकेत वादळे आली, तेव्हा 'झेलो' हा वॉकी-टॉकीचा ॲप लोकांनी धडाधड उतरवून घेतला. इंटरनेटशिवायही तो चालतो असा पुष्कळांचा समज झाला होता. शेवटी कंपनीलाच खुलासा करावा लागला की हा ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही.

अमेरिकेचा धडा

या सोयीचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत भरला आणि तेथेच तो उठलाही. नेक्स्टेल नावाच्या कंपनीने मोटोरोलाच्या आयडेन तंत्रावर १९९० च्या दशकात अशी सेवा सुरू केली. बटन दाबले की क्षणात समोरच्याच्या फोनवर चिवचिवल्यासारखा आवाज होई आणि बोलणे सुरू होई. बांधकामाचे ठेकेदार, प्लंबर, ट्रकवाले, दुरुस्ती करणारे कारागीर यांनी ती उचलून धरली. त्यांचे काम पाहिले तर कारण कळते. हात मातीत नाहीतर तेलात असतात, माणसे ठरलेली असतात आणि प्रश्न असतो दोन शब्दांचा. सिमेंट आले का, गाडी कोठे पोहोचली, वर पाठवू का, एवढेच.

हे यश पाहून २००३ साली व्हेरायझन आणि स्प्रिंट या कंपन्यांनीही आपली बटने आणली. पण त्यांच्या तेव्हाच्या नेटवर्कवर बटन दाबल्यापासून आवाज पोहोचेपर्यंत काही सेकंद जात. दोन शब्दांच्या बोलण्यासाठी तेवढा वेळ थांबायचे, तर साधा फोन काय वाईट? शिवाय एका कंपनीचे बटन दुसऱ्या कंपनीच्या फोनला लागत नसे.

२००५ साली स्प्रिंटने सुमारे ३५ अब्ज डॉलरच्या सौद्यात नेक्स्टेल आपल्यात विलीन करून घेतली. दोघींची तंत्रे वेगळी, गिऱ्हाईक वेगळे, कामाची रीत वेगळी. तीनच वर्षांत, २००८ च्या आरंभी, सुमारे ३० अब्ज डॉलरची किंमत हिशेबातून खोडावी लागली आणि ३० जून २०१३ रोजी नेक्स्टेलचे ते जुने नेटवर्क कायमचे बंद झाले. तोवर मोबाईलवरचे बोलणे स्वस्त झाले होते आणि लेखी संदेश घरोघरी पोहोचले होते. बटनाचे काम या दोघांनी आपसांत वाटून घेतले. नेक्स्टेलचे बटन खोटे नव्हते. ज्यांच्या कामाचे होते त्यांना ते फळलेही. पण ते प्रत्येकाच्या कामाचे आहे असे समजून मांडलेला हिशेब चुकला.

आमचा तजुर्बा

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाईल कॉल झाला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन मोफत झाले आणि बाजारात ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल दिसू लागला. त्यानंतर एक-दोन वर्षांत एका कंपनीचा माणूस आमच्याकडे बटनाची योजना घेऊन आला. आम्ही हौसेने तीन फोन घेतले. एक पेढीवर, एक गोदामात, एक टेम्पोवाल्याकडे.

पहिले काही दिवस फार मजेचे गेले. मग अडचणी दिसू लागल्या. एकदा दूरगावचे गिऱ्हाईक गादीवर बसले होते, साड्यांचा भाव चालला होता आणि तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन आपोआप बोलू लागला. सुरतेहून आलेल्या मालाचा खरेदी भाव त्याने भर दुकानात मोठ्याने सांगितला. गिऱ्हाईक हसले, आम्हीही हसलो, पण त्या सौद्यात नफा उरला नाही. साधा फोन आधी घंटी वाजवून परवानगी मागतो. हे बटन परवानगी मागत नाही.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. गोदामावर एक वयस्क गृहस्थ होते. सारा बाजार त्यांना 'मामू' म्हणे. वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे होते. एके दिवशी बारा ताके ग्रे कापड रंगाईला जायचे होते. आम्ही बटन दाबून शेड नंबर सांगितला, 'उनहत्तर', म्हणजे एकोणसत्तर. मामूंनी चिठ्ठीवर लिहिले ५९. माल चुकीच्या रंगात आला. मामू म्हणाले, "सेठ, आपण उनसठच म्हणालात." आम्ही म्हणालो, उनहत्तर. पुरावा कोणाजवळच नव्हता. मालक आम्ही असल्यामुळे चूक त्यांची ठरली. चार माणसांदेखत आम्ही त्यांना बोललो आणि नुकसानीचा काही भाग त्यांच्या पगारातून कापला.

पुढे आमच्या ध्यानात आले की बटन दाबल्याबरोबर बोलायला लागले तर पहिले अक्षर कापले जाते, आणि वाक्य संपण्याआधी बोट उचलले तर शेवटचे. घाईत बोट उचलण्याची खोड आमचीच होती. 'उनहत्तर'चे शेपूट तुटले तर पलीकडच्याने काय लिहावे? मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतही हाच धोका आहे. त्या दिवशी नेमके काय झाले हे आज कोणी सांगू शकत नाही. आम्ही मामूंचे पैसे परत केले. पण चारचौघांत गेलेला शब्द परत घेता येत नाही. त्यानंतर ते मोजकेच बोलत.

त्या प्रसंगातून आम्ही एक नियम केला, तो आजतागायत पाळतो. नंबर, नग, भाव आणि रंग हे चार शब्द कधीही केवळ तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. नोकराच्या शब्दाला मालकाच्या शब्दापुढे वजन नसते, म्हणून कागद हवा. तो कागद नोकराच्या इभ्रतीसाठीही आहे.

आज काय बदलले?

आता ४जी आणि ५जीमुळे आवाज लवकर पोहोचतो. झेलोसारखे ॲप वैयक्तिक वापराला फुकट आहेत, मात्र धंद्यासाठी माणशी दरमहा शुल्काची योजना असते. ॲपलने २०१८ साली आपल्या घड्याळात वॉकी-टॉकी दिली. पण जुलै २०१९ मध्ये तिच्यातून दुसऱ्याच्या आयफोनवरचे बोलणे नकळत ऐकता येईल असा दोष सापडला आणि दुरुस्ती होईपर्यंत ती बंद ठेवावी लागली. मोठ्या कंपनीच्या वस्तूतही असे होते, हे ध्यानात असू द्यावे.

स्वस्त फोनवर आणखी एक अडचण येते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन असे ॲप परस्पर झोपवतो. आपण बटन दाबून बोलत राहतो आणि पलीकडे आवाज पोहोचतच नाही.

दरम्यान २०१३ साली व्हॉट्सॲपवर आवाजाचा संदेश पाठवण्याची सोय आली. तेथेही बटन दाबून बोलायचे असते, पण बोललेले जपून राहते आणि पुन्हा ऐकता येते. आमच्या बाजारातील निम्मे काम आज त्यावर चालते. मामूंच्या वेळी ही सोय असती तर तो वाद झालाच नसता.

कोणाला फायदा, कोणाला नाही?

गोदामात माल चढवणारे-उतरवणारे, मोठ्या दुकानाचे वरचे-खालचे मजले, लग्नाच्या मंडपाचे आणि जेवणावळीचे काम, गॅरेज, बांधकाम, एकामागोमाग निघालेल्या तीन-चार गाड्या यांना बटनाचा उपयोग आहे. काम एकत्र, माणसे ठरलेली, हात गुंतलेले आणि बोलणे दोन शब्दांचे, अशा चार अटी जेथे जुळतात तेथे ते जरूर वापरावे.

यंत्रमागाच्या कारखान्यात मात्र ते जवळजवळ व्यर्थ आहे. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे ऐकू येत नाही, कारागीर हातवाऱ्यांनी आणि ओठ पाहून बोलतात. तेथे फोनचा कर्णा काय करणार? खिशात थरथरणारा साधा फोन आणि बाहेर येऊन वाचलेला संदेश अधिक कामाचा. दलालीत, उधारीच्या बोलण्यात आणि सौद्यातही हे बटन नको.

सर्व माणसे एकाच आवारात असतील, तर मोबाईलऐवजी खरे वॉकी-टॉकी संच पाहावेत. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मात्र संचाला दूरसंचार खात्याची ईटीए मान्यता असावी लागते. इतर पट्ट्यांत चालणारे किंवा जास्त शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरणे गुन्हा ठरू शकतो. असे संच ही माहिती न देता विकल्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या. तेव्हा स्वस्त दिसले म्हणून उचलू नये. खोक्यावरील पट्टा आणि मान्यता पाहूनच घ्यावे. आणि साध्या संचावर भाव कधी बोलू नये, कारण त्याच चॅनेलवरचा कोणीही ते ऐकू शकतो. संचावर 'प्रायव्हसी कोड' लिहिलेला असला तरी तो बोलणे लपवीत नाही.

आमचा मशवरा

आधी आठ दिवस एक वही ठेवा. गोदामाला दिवसाकाठी किती फोन गेले आणि त्यातले किती दोन शब्दांचे होते, ते लिहा. दोन शब्दांचे फोन थोडे असतील तर खर्च करू नका. पुष्कळ असतील तर नवे फोन घेण्याआधी हातातल्याच दोन फोनवर फुकटचा ॲप टाकून पंधरा दिवस चालवून पाहा. बटन दाबून एक श्वास थांबा, मग बोला, आणि बोलणे संपल्यावरच बोट उचला. पलीकडच्याने ऐकलेले परत म्हणून दाखवावे. आकडा असेल तर सुटा सुटा सांगा, सहा आणि नऊ, आणि लगेच लिहूनही पाठवा. दुकानातल्या फोनचा आवाज गिऱ्हाईकासमोर बंद ठेवा. आणि रात्री दुकान बढवल्यावर हे बटनही बंद करा. ते कामाच्या वेळेसाठी आहे, नोकराच्या घरात केव्हाही शिरण्यासाठी नाही.

आमच्या तरुण शेजाऱ्याने सहा फोनांचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. गोदाम आणि टेम्पो, एवढ्या दोनच ठिकाणी तो ॲप चालवून पाहत आहे. परवा त्याच्या गाळ्यावर गेलो, तर गल्ल्याशेजारी भिंतीवर त्याने मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली होती : 'आकडा बोलू नका, लिहा.'