टाकीतल्या झाडांना शेतातलं खत

कुरुंदवाडच्या कृषी सेवा केंद्रात ‘तेरा-झिरो-पंचेचाळीस’ म्हटलं की पोटॅशियम नायट्रेटची पिशवी पुढ्यात येते. ‘झिरो-बावन्न-चौतीस’ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ठिबकमधून वांग्याला, ढबू मिरचीला सोडतात ती ही विद्राव्य खतं. जगभरातले पाणवनस्पतींचे शौकीन फिशटँकमध्ये हीच रसायनं वापरतात. माझ्या दोन फुटी टाकीतल्या व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिलालाही मी तीच देतो आणि त्यांच्या पानांतून गप्पी, मॉली निर्धास्त फिरतात. त्याच फळीवरचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र मी टाकीच्या आसपास ठेवत नाही.

कारण नत्राच्या रूपात आहे. एकोणीस-एकोणीसमधलं बहुतेक नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं. रानात चिकण मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात. टाकीत ते थेट माशाच्या कल्ल्यांपाशी पोचतं. जिवाणू युरियाचाही अमोनियाच करतात. त्यात सामू महत्त्वाचा. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. माझ्या बोअरचं पाणी जड आहे, सामू आठच्या जवळ. अशा पाण्यात चिमूटभर युरियासुद्धा धोक्याचा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लाल दिसले, तर आधी निम्मं पाणी बदलायचं आणि हवेचा पंप जोरात सोडायचा.

नायट्रेट त्यामानाने फारच सौम्य, पण तेही मोजूनच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी उरतं. वीस ग्रॅम तेरा-झिरो-पंचेचाळीस पाण्यात विरघळवून द्रावण ५०० मिली करायचं. त्यातले १० मिली सिरिंजने सोडले की टाकीतलं नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. नव्या टाकीत मी याच्या निम्म्यानेच सुरुवात करतो आणि तीही फिल्टरमधले जिवाणू मुरल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्याने. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर घातलेलं खत आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपुढे साठूच शकत नाही. अमेरिकेतल्या टॉम बार यांची पद्धत याच हिशेबावर उभी आहे आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. बोअरच्या पाण्यात उसाच्या रानातलं नायट्रेट आधीच उतरलेलं असू शकतं, म्हणून टेस्ट किटने आधी तेही पाहावं.

पान वाचायला इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पालाश कमी. कोवळं पान पांढुरकं झालं तर तो उसावर पडतो तसला केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. उसाला हिराकस चालतो, पण टाकीच्या जड पाण्यात तो बघता बघता गंजासारखा तळाशी बसतो. तिथे चिलेटेड लोहच हवं आणि ते फॉस्फेटच्याच दिवशी घालू नये, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यात तांबं असतं. टाकीत गोगलगाय किंवा कोळंबी असेल तर ते टाळलेलंच बरं.

टाकीतून काढलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालतो, गटारात सोडत नाही. खताचं पाणी नदीत उतरलं की काय होतं, ते पंचगंगेवरचं केंदाळ बघून कळतं. तेही मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, शोभेसाठी जगभर नेलेलं. म्हणून टाकीतली छाटलेली झाडंही नदीत टाकू नयेत, उन्हात वाळवून खतात मिसळावीत.

टाकीसाठी खत घ्यायला जाल तेव्हा पिशवीमागचं घटकांचं कोष्टक वाचा. एकूण नत्र सगळंच्या सगळं नायट्रेट रूपात लिहिलेलं असेल तर घ्या. अमोनिकल किंवा युरिया यांपुढे एखादा आकडा दिसला, तर ती पिशवी रानातच वापरा.