जुन्या दुचाकीची जोपासना

मुंबईच्या उपनगरांत, गोरेगाव आणि पवई यांच्या दरम्यान, आरे वसाहत आहे. शहरात जागोजागी विखुरलेले म्हशींचे गोठे एके ठिकाणी आणावेत व नागरिकांस चांगले दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली तिची स्थापना झाली. एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, मधून मधून गोठे व कुरणे, वारली लोकांचे पाडे आणि कर्मचाऱ्यांची घरे, असे तिचे स्वरूप आहे. झाडी दाट असल्यामुळे पावसाळ्यातील ओल येथे लवकर सुकत नाही. मुंबईच्या उपनगरांत एकट्या जुलै महिन्यात सरासरीने आठशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ही ओल गवतास मानवते. लोखंडास मात्र ती मुळीच मानवत नाही.

समजा, तेथील एखाद्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली एक जुनी जपानी बनावटीची मोटारसायकल उभी आहे. घरातील आजोबा तरुणपणी तिच्यावरून कामास जात असत. आता टाकीत गंज धरला आहे, साखळी आवळून बसली आहे आणि किकवर भार दिला तरी ती तसूभरही खाली जात नाही. भंगारवाला तिचे वजन करील आणि लोखंडाचा भाव सांगेल. घरच्या घरी ही गाडी पुन्हा चालती करता येईल काय? बहुधा येईल. मात्र त्यासाठी पान्यापेक्षा धीर अधिक लागतो, आणि तिच्या पोटात काय चालते हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

जपानी रचनेच्या मोटारसायकली भारतात मोठ्या संख्येने आल्या त्या १९८०नंतरच्या दशकात. १९८३ साली यामाहाच्या रचनेची राजदूत ३५० आली. पुढे सुझुकी व होंडा यांच्या गाड्या आल्या. पुण्याच्या बजाज कंपनीने कावासाकीच्या सहकार्याने के. बी. १०० ही गाडी काढली. परंतु लोकांच्या मनात घर केले ते १९८५ साली आलेल्या यामाहा आर. एक्स. १०० या गाडीने. तिचे वजन सुमारे शंभर किलो आणि शक्ती अकरा अश्वशक्तींची. एवढ्या हलक्या गाडीस एवढी शक्ती मिळाल्यामुळे ती चपळ हरणासारखी पळे. १९९६ साली तिचे उत्पादन थांबले, तरी महाराष्ट्रात आजही अनेक घरी ती जिवापाड जपली जाते.

यामाहा या नावामागील हकीकत मोठी मनोरंजक आहे. जपानमधील हामामात्सु या गावी १८८७ साली एका प्राथमिक शाळेतील ऑर्गन नादुरुस्त झाला. ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचेच भावंड. तो दुरुस्त करण्यासाठी तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिरास बोलाविण्यात आले. त्याने तो उघडला, आतील रचना बारकाईने पाहिली, वाद्य दुरुस्त केले आणि पुढे तसलेच वाद्य स्वतः तयार केले. त्यातून वाद्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच घराण्यातील मोटारसायकलींची कंपनी १९५५ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या तांबूस गाडीस जपानी लोक कौतुकाने 'लाल चतुर' म्हणत. आजही यामाहाच्या बोधचिन्हात सूर जुळविण्याचे तीन चिमटे दिसतात. दुरुस्तीसाठी उघडलेल्या एका पेटीतून हा सारा पसारा निघाला.

पेटीची आठवण येथे आणखी एका कारणाने उपयोगी पडते. आर. एक्स. १०० चे इंजिन 'टू-स्ट्रोक' जातीचे आहे. त्यात नळकांड्यासारखी एक जागा असून तिच्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्या वर जाऊ लागला की त्याच्या वरचे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी खालच्या बंद कोठीत पोकळी निर्माण होऊन बाहेरील ताजे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या माथ्यापाशी येताच ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. खाली येताना तो प्रथम धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी करतो. पाठोपाठ दुसरी वाट उघडते. तिच्यातून कोठीत दाबलेले ताजे मिश्रण वर घुसते आणि उरलासुरला धूर बाहेर लोटते. ही खालची कोठी म्हणजे जणू पेटीचा भाताच. भात्याची झडप हवा आत घेते, पण माघारी जाऊ देत नाही. या इंजिनातही तसलीच पातळ पात्यांची एक झडप असते, आणि योगायोग असा, की पेटीतील सूर देणाऱ्या पात्यांस जे रीड हे नाव आहे, तेच या झडपेसही आहे.

या रचनेत सुटे भाग थोडे आहेत, म्हणून ती घरी उघडता येण्याजोगी आहे. पण तिच्यात दोन उणिवाही आहेत. काही ताजे मिश्रण न जळताच धुराबरोबर निसटून जाते. शिवाय कोठीतून मिश्रणाची ये-जा होत असल्यामुळे तेथे वंगण साठवून ठेवता येत नाही. तेल पेट्रोलाबरोबरच आत पाठवावे लागते, आणि ते जळून निळसर धूर निघतो. प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा अशा गाड्या मागे पडल्या, ते योग्यच झाले. धूर कमी व्हावा म्हणून काही हौशी लोक तेल कमी घालतात, ती मात्र शुद्ध चूक होय. कोरडा दट्ट्या तापून फुगतो, नळकांड्यास घट्ट धरून बसतो आणि क्षणात इंजिनाचा नाश होतो.

आता पडवीतील गाडीकडे वळू. जाणता मिस्त्री तिला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंनी तिची छायाचित्रे घेतो. कोणती तार कोठून गेली आहे, हे वहीत लिहून ठेवतो. सोडविलेला प्रत्येक भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवितो. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु तीन महिन्यांनी गाडी जोडताना हातात एक चकती उरली, तर ती कोठली हे वहीच सांगू शकते.

यानंतर स्क्रूंची कसोटी लागते. जपानी गाड्यांच्या स्क्रूंवर अधिक चिन्हासारखी जी खाच असते, ती आपल्या बाजारातील नेहमीच्या पेचकसाशी तंतोतंत जुळत नाही. डोळ्यांस भेद दिसत नाही इतकाच तो सूक्ष्म असतो. जोर लावला की पेचकस वर उचलला जातो आणि खाच झिजून गोल होते. पुष्कळ जुन्या इंजिनांवर असे गोल झालेले स्क्रू दिसतात. जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो. तो आणावा, स्क्रूच्या कडेस गंज सोडविणारे तेल सोडावे आणि एक रात्र थांबावे.

किक अडली असेल तर तिच्यावर उड्या मारणे हा राक्षसी उपाय होय. ठिणगीचा प्लग काढून त्या भोकातून रॉकेल व तेल यांचे थोडे मिश्रण आत सोडावे आणि दोन-तीन दिवस वाट पाहावी. बहुतेक वेळा दट्ट्या हळूहळू मोकळा होतो. न झाला तर इंजिन उघडावेच लागते. टाकीतील गंजासाठी व्हिनेगर चांगले. टाकी त्याने भरून एक-दोन दिवस ठेवली की गंज सुटतो. मग ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावी व आतून तेलाचा हात फिरवावा. लगेच हा शब्द महत्त्वाचा आहे. आरेच्या दमट हवेत उघडे लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस दिसू लागते.

हवा व पेट्रोल यांचे प्रमाण राखणारा कार्ब्युरेटर हा गाडीतील सर्वांत नाजूक भाग. त्यातील पितळेच्या तोट्यांची भोके सुईच्या अग्राएवढी असतात. ती तारेने टोकरू नयेत. भोक किंचित मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. योग्य द्रावणाने धुऊन हवेच्या झोताने ती मोकळी करावीत. सध्याच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबरी भागांस अपाय करू शकते. म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणे शहाणपणाचे.

गाडी सुरू झाल्यावर तिची प्रकृती प्लगचा रंग सांगतो. वैद्याने जीभ पाहावी तसा मिस्त्री प्लग पाहतो. त्याचे टोक कॉफीच्या रंगाचे असल्यास जळण ठीक. काळे व ओलसर असल्यास पेट्रोल किंवा तेल जादा. पांढरेफटक असल्यास पेट्रोल अपुरे पडून इंजिन अति तापत आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये तेलाची काजळी साचते आणि धुराची वाट चोंदते. आतील नळी अधूनमधून काढून साफ केली, की मरगळलेल्या गाडीस पुन्हा हुशारी येते. गाडी जोराने ओढत नाही म्हणून नवे इंजिन शोधणाऱ्यांनी आधी ही नळी पाहिली, तर त्यांचे पुष्कळ पैसे वाचतील.

ही कामे मुलांनी एकट्याने करावयाची नाहीत. पेट्रोलाची वाफ दुरूनही पेट घेते, आणि बंद खोलीत इंजिन चालविल्यास प्राणघातक वायू साचतो. डब्यांवर चिठ्ठ्या लावणे, साखळी घासणे, वही लिहिणे ही कामे मात्र मुलांच्या हातून उत्तम होतात.

आरेसारख्या ठिकाणी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. ओशिवरा नदीचा उगम या परिसरात होतो. पडवीत सांडलेले जळके तेल पहिल्या पावसाबरोबर ओहोळात जाते, पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि आतील जीवांस प्राणवायू कमी पडतो. म्हणून गाडीखाली पसरट पत्र्याचे भांडे ठेवावे. गोळा झालेले तेल झाकणाच्या डब्यात भरून, ते पुनर्प्रक्रियेसाठी स्वीकारणाऱ्यांकडेच द्यावे. मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ते ओतणारा मनुष्य गाडी वाचवितो आणि ओढा मारतो.

उरतो प्रश्न कायद्याचा. आपल्या देशात खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. कागदपत्रे हरवलेली गाडी कितीही चकचकीत केली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही, यास्तव पाना उचलण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक शोधावे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली निराळे नियम झाले आहेत. १९८५ सालच्या आर. एक्स. १०० ला पन्नास वर्षे २०३५ साली पूर्ण होतील. तिचा मूळ दिवा, मूळ आरसे, टाकीवरील मूळ पट्टे काढून झगमगीत नवे बसविण्याचा मोह अनेकांस होतो. पण मूळ भाग आता कारखान्यात होत नाहीत. ते फेकून न देता पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून त्याच चिठ्ठीच्या डब्यांत ठेवावेत.