सायकल आणि मोटारींचे शहर : गैरसमज व वस्तुस्थिती

मोटारी आणि दुचाकींनी भरलेल्या मोठ्या शहरात सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ, सायकल गावाकडेच ठीक, असे मत महाराष्ट्रात सर्रास ऐकू येते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावांतून मुले शिकायला किंवा कामाला पुण्या-नागपूरला जातात, तेव्हा सायकल बहुधा घराच्या ओसरीवरच राहते आणि शहरात जम बसू लागताच हप्त्यावर दुचाकी घेतली जाते. या मतामागे काही खरी भीती आहे. बाकीचा बराच भाग ऐकीव गोष्टींचा आहे. त्या तपासायला पुण्याइतके योग्य शहर राज्यात दुसरे नाही, कारण एकेकाळी देशभर ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाणारे पुणेच आज दुचाकी आणि मोटारींवर सर्वाधिक विसंबलेल्या शहरांत मोडते.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की सायकलचा जमाना संपला. आता ती एक तर अगदी गरिबाकडे उरली, नाही तर रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघणाऱ्या हौशी मंडळींकडे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, दुचाकी २१ टक्क्यांकडे आणि मोटार ५ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के लोक सायकलने जात, मोटारीने जाणारे ३ टक्क्यांच्याही आत होते. त्यानंतर दुचाकी आणि मोटारी झपाट्याने वाढल्या, यात शंका नाही. पण आजही पुण्यात सकाळी सहाच्या सुमारास रस्त्यावर पाहिले, तर रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, बांधकामावर निघालेले मजूर सायकलवरच दिसतात. पाठीमागच्या कॅरिअरला डबा बांधलेला, चाकांना मडगार्ड असलेली, गिअर नसलेली ही सायकल सायकलप्रेमाच्या छायाचित्रांत येत नाही आणि वाहतुकीच्या बैठकांतही तिची आठवण फारशी होत नाही. रस्ता आखताना सर्वांत आधी हिशेबात धरायला हवा तो हाच स्वार.

दुसरा समज म्हणजे शहर वाढले, पैसा आला, की सायकल आपोआप जाते. पुण्याचा इतिहास वेगळे सांगतो. खडकीचा दारूगोळा कारखाना, पेठांतली कचेऱ्या-दुकाने, महाविद्यालये यांच्याकडे जाणारी मोठी वर्दळ एकेकाळी सायकलवर होती. १९७२ च्या सुमारास चेतक स्कूटर आणि लूना मोपेड बाजारात आल्या. दोन्ही पुण्याच्याच उद्योगांनी घडवलेल्या. वाहन हाताशी आले आणि त्याच काळापासून शहरही पसरत गेले. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये आसपासची गावे टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली आणि शेवटच्या टप्प्यानंतर पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. घर आणि कामाची जागा यांतले अंतर वाढले, पण त्या प्रमाणात बस वाढल्या नाहीत. रस्ते रुंद करताना पदपथ कापले गेले, चौकांवर उड्डाणपूल चढले, मध्यवस्तीत एकेरी मार्गांचे जाळे झाले. एकेरी मार्गामुळे मोटारीला दोन मिनिटांचा वळसा पडतो. सायकलस्वाराला तोच वळसा चढावर आणि घामात मोजावा लागतो. उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराला बेशिस्त म्हणण्याआधी हा हिशेब पाहायला हवा. २०१८ मध्ये पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे शहराच्या तेव्हाच्या अंदाजित लोकसंख्येच्याही पुढे. यातली प्रत्येक पायरी कोणीतरी ठरवून, निधी मंजूर करून घातलेली आहे.

याच्या उलट उदाहरण नेदरलँड्सचे. तो देश पहिल्यापासूनच सायकलींचा, तिथल्या लोकांच्या रक्तातच ते आहे, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी, की दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींसाठी वस्त्या पाडून रस्ते झाले आणि सायकली घटत गेल्या. १९७१ साली तिथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही धक्का बसला, आणि तिथून पुढची चाळीस-पन्नास वर्षे सातत्याने सायकलमार्ग बांधले गेले. श्रीमंत देशाने, मोटारी दारात उभ्या असताना, सायकल परत आणली.

आता पुण्यात हमखास ऐकू येणाऱ्या युक्तिवादाकडे यायला हवे : ‘सायकल ट्रॅक बांधून पाहिले, कोणी वापरलेच नाहीत.’ ट्रॅक रिकामे असतात, हे खरे आहे. पण ते का रिकामे असतात हे एका ट्रॅकवरून पाचशे मीटर गेले तरी कळते. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला मार्ग सुरू झाला, त्या काळापासून शहरात सायकल ट्रॅकचे असे अनेक तुकडे तयार झाले. ट्रॅक पदपथाच्या उंचीवर असतो, वर पेव्हर ब्लॉक बसवलेले. एखादा ब्लॉक खचला, की बारीक चाक त्यात अडकते. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो; उतार इतका तीव्र, की दर वेळी पायडल थांबवावे लागते. मध्येच विजेचा डीपी बॉक्स, बसथांब्याची शेड, झाडाचा पार. दुचाकी घुसू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. त्यांच्यामधून बारीक दुचाकी निघून जाते, पण मागे दुधाचे कॅन लावलेली सायकल अडते. उरलेल्या जागेत वाहने लावलेली. आणि चौक आला, की ट्रॅक संपतो. ज्या ठिकाणी वाहने एकमेकांना छेदतात आणि सायकलस्वाराला संरक्षण सर्वांत जास्त लागते, नेमके तिथेच त्याला रहदारीत सोडून दिलेले असते. असा ट्रॅक टाळून डांबरी रस्त्याच्या कडेने जाणारा सायकलस्वार शहाणपणानेच वागत असतो. रिकामा ट्रॅक हा बांधणीचा दोष सांगतो. लोकांना सायकल नको आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

कागदावर पुण्याने पुढचा विचार केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जोडलेले जाळे सुचवलेले होते. त्याच महिन्यात विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचे, अर्ध्या तासाला अगदी थोडे पैसे. सुरुवातीला प्रतिसाद जोरात होता. दोनेक वर्षांत मात्र त्या सायकली शहरातून जवळजवळ नाहीशा झाल्या. मोडतोड आणि चोऱ्या हे कारण सगळीकडे छापून आले. दुसरे कारण कमी सांगितले गेले : या कंपन्यांचा डोलारा गुंतवणूकदारांच्या पैशावर उभा होता, तो आटताच त्यांनी गाशा गुंडाळला. आणि तिसरे म्हणजे, सायकल आली पण जोडलेला रस्ता आलाच नाही. स्पेनमधील सेव्हिल या उन्हाळी शहराने नेमका उलटा क्रम धरला. २००६ पासून काही वर्षांतच तिथे सुमारे ८० किलोमीटरचे सलग, संरक्षित जाळे एका दमात पूर्ण झाले आणि प्रवासातला सायकलचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून सहा-सात टक्क्यांवर गेला. तुकड्यातुकड्यांनी बांधलेल्या दुप्पट लांबीनेही हा परिणाम साधत नाही.

‘आपले रस्ते अरुंद, सायकलला जागा कुठून द्यायची’ हा आक्षेप जागेचे माप न घेता केला जातो. साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून मोटारींनी तासाला दोनेक हजार माणसे जातात. सायकलींनी त्याच पट्ट्यातून त्याच्या कित्येक पट माणसे जाऊ शकतात. एक मोटार उभी करायच्या जागेत आठ ते दहा सायकली मावतात. शहरातल्या कोणत्याही मध्यम रस्त्यावर दोन्ही बाजूंना फुकट लावलेल्या मोटारी मोजल्या, तर ट्रॅकची जागा तिथेच सापडते. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण मंजूर झाले, पण अंमलबजावणी रेंगाळली. प्रश्न रस्त्याच्या रुंदीपेक्षा हिमतीचा आहे.

धोक्याविषयीचा समज अधिक काळजीने पाहावा लागतो, कारण त्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक, पादचारी सुमारे १९ टक्के आणि सायकलस्वार ३ टक्क्यांच्या आसपास होते. यावरून सायकल निर्धोक ठरत नाही. सायकलवर होणारा प्रवासच कमी असतो आणि लहान अपघातांची नोंद अनेकदा होत नाही. पण ‘सायकल धोक्याची, म्हणून मुलाला दुचाकी घेऊन दिली’ हे गणित मात्र पूर्ण चुकते. देशात रस्त्यावर सर्वाधिक मृत्यू ज्या गटात होतात, त्याच गटात तो मुलगा जातो. खरा मारक घटक वेग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. पायी आणि सायकलने जाणारे जिथे मोटारींत मिसळतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ती सुचवते. सायकलस्वाराच्या हाती उरते ते एवढेच : उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून चालणे, म्हणजे अचानक उघडलेले दार लागत नाही, डावीकडे वळू पाहणाऱ्या बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला न घुसणे, रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावणे.

मोटारीच्या काचा वर केल्या की धुरापासून सुटका होते आणि सायकलस्वार विष ओढत जातो, हाही अर्धसत्य समज आहे. मोटारीतला माणूस पुढच्या वाहनाच्या धुरातच बसलेला असतो. सायकलस्वार जोराने श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या फुप्फुसात जास्त हवा जाते, हे खरे. पण २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी व्यायामाचा फायदा आणि धुराचे नुकसान यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यानुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही रोज दीड तासापर्यंत सायकल चालवली, तरी नुकसानापेक्षा फायदाच जास्त असतो. पुण्याची वार्षिक सरासरी यापेक्षा बरीच कमी आहे.

ऊन-पावसाचे कारण विदर्भातल्या माणसाने तरी पुण्याबाबत देऊ नये. अंतराचे कारण अधिक खरे आहे, पण सगळ्यांसाठी नाही. ताशी १५ किलोमीटर या सहज गतीने पाच किलोमीटर वीस मिनिटांत होतात. वसतिगृह ते महाविद्यालय किंवा खोली ते अभ्यासिका हे अंतर बहुधा यातच बसते. लांब जायचे तर सायकल मेट्रोत नेता येते. पुणे आणि नागपूर दोन्हीकडे तशी मुभा आहे. चढ जास्त असेल तर विजेवरची सायकल आहे. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असेल, तर ठरावीक अटींत तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही.

‘रस्ताकर आम्ही भरतो, सायकलवाले भरत नाहीत’ हे वाक्य मोटारवाल्यांच्या तोंडी नेहमी असते. वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते आणि तिचा पैसा मिळकतकर, अनुदाने व इतर उत्पन्नातून येतो. मिळकतकराचा भार खोलीभाड्यातून सायकलस्वारावरही पडतोच. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला परवाना लागत नाही. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे स्पष्ट बंदी असलेले रस्ते सोडले, तर रस्त्यावर तिचा हक्क मोटारीइतकाच आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, असे लेखी सांगितले आहे.

हा सगळा प्रश्न मोठ्या शहरांचा, तालुक्याच्या गावांना त्याची झळ नाही, हा शेवटचा गैरसमज सध्या सर्वांत महाग पडतो आहे. तुळजापूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. वाहने वेगाने जाऊ लागली आणि मधल्या दुभाजकामुळे पलीकडच्या शेतात किंवा शाळेत जायला लांबचा वळसा आला. अशा रस्त्यावर माणूस सायकल घेऊन उलट्या बाजूने कडेकडेने जातो, तो पुण्याच्या एकेरी मार्गावरच्या स्वारासारख्याच कारणाने. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल सरकारने दिली, पण त्या सायकलला सुरक्षित रस्ता मिळेल, याची हमी योजनेत नाही. पुण्याला तुटके ट्रॅक आता जोडत बसावे लागते आहे; गावांना तो खर्च टाळता येतो. फुलसावंगी असो वा महागाव, शाळेच्या किंवा बसस्थानकाच्या रस्त्याचे अंदाजपत्रक बनत असेल, तेव्हा ग्रामसभेत आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : डांबराच्या कडेला दोन मीटरचा सपाट, न तुटणारा पट्टा, शाळेसमोर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा पाळायला लावणारे गतिरोधक, आणि ओलांडण्यासाठी जवळची जागा. काम सुरू होण्याआधी हे मागितले, तर खर्च थोडा पडतो.