वस्तीतला रस्ता का उखडतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वस्तीतल्या डांबरी रस्त्याचा वरचा काळा थर अनेकदा दोन-तीन सेंटिमीटरच जाड असतो. त्याखाली दाबलेल्या गिट्टीचे थर, त्याखाली मुरूम आणि सर्वांत खाली वऱ्हाडची काळी जमीन असते. वाहनाचा भार झेलतात ते हे खालचे थर. वरचा थर म्हणजेच रस्ता असे धरून चालल्यामुळे दुरुस्तीविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज : पावसाने डांबर विरघळते.
वस्तुस्थिती : डांबर पाण्यात विरघळत नाही. भेगेतून आत शिरलेले पाणी डांबर आणि गिट्टी यांची पकड सोडवते. वरून चाक गेले की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि गिट्टी सुटू लागते. म्हणूनच खड्डे आधी पडतात ते तुंबलेल्या नालीच्या काठाला, नळासाठी खोदून नीट न बुजवलेल्या चरीवर आणि पाणी साचणाऱ्या खोलगट जागी. मधून दोन्ही कडांकडे उतार ठेवणे आणि नाली वाहती ठेवणे हा रस्तादुरुस्तीचाच भाग आहे.

गैरसमज : डांबर जास्त टाकले की रस्ता टिकतो.
वस्तुस्थिती : काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात अमरावती-अकोल्याच्या मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात. रस्त्याखालची मातीही ओल कमी-जास्त झाली की अशीच हलते आणि वरचा थर तडकतो. त्यावर उपाय म्हणजे ती माती काढून मुरूम भरणे किंवा मातीत चुना मिसळून ती स्थिर करणे, आणि प्रत्येक थर रोलरने दाबणे. डांबर प्रमाणाबाहेर झाले तर उलटा परिणाम होतो. हवेचे तापमान 45 अंशांवर गेले की रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांपुढे तापतो, जादा डांबर वर येते, चाकांना चिकटते आणि पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो.

गैरसमज : अमरावती-अकोला महामार्ग पाच दिवसांत झाला, मग गल्लीला महिना का लागतो?
वस्तुस्थिती : जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर लोणी ते माना या भागात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. हा विक्रम एका मार्गिकेवर डांबरी काँक्रीटचा थर अंथरण्याचा होता. दुपदरी रस्त्याच्या हिशेबात ते अंतर 37.5 किलोमीटर भरते. खालचे थर आधीच तयार होते आणि 720 माणसे त्या कामावर होती. गल्लीत मात्र जलवाहिनी, नाली, विजेचे खांब आणि घरांची दारे सांभाळत काम करावे लागते. वाहिन्यांची कामे उरकल्यावर डांबर टाकले तरच तो रस्ता पुन्हा खोदावा लागत नाही.

गैरसमज : दुचाकींच्या गर्दीने रस्ता खराब होतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून दिसले, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे 16 पट होते. त्यामुळे घरबांधणीसाठी रेती-गिट्टी आणणारा एक भरलेला टिप्पर हजारो दुचाकींपेक्षा जास्त नुकसान करतो.

गैरसमज : खड्ड्यात मुरूम टाकला की काम भागते.
वस्तुस्थिती : सुटा मुरूम पावसात चिखल होऊन वाहून जातो. नीट दुरुस्तीत खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापतात, आतला ढिला माल व धूळ काढतात, तळाला आणि कडांना पातळ डांबर लावतात आणि मग गरम मिश्रण थराथराने दाबून भरतात. भरपावसात गरम मिश्रण टिकत नाही. तेव्हा थंड मिश्रणाने तात्पुरती डागडुजी करता येते, पण पाऊस उघडल्यावर पक्के काम करावेच लागते.

गैरसमज : काँक्रीट केले की कायमची चिंता मिटते.
वस्तुस्थिती : काँक्रीट पाण्याला जास्त दाद देत नाही, पण खालची जमीन हलली तर तेही तडकते. नव्या काँक्रीटवर किमान 14 दिवस पाणी मारावे लागते. वऱ्हाडच्या उन्हात यात कसूर झाली की पृष्ठभागावर भेगा पडतात. सांधे वेळोवेळी भरावे लागतात. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवला तर रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी अंगणात शिरते.

गैरसमज : रस्ता दुरुस्त करून देणे ही मेहेरबानी आहे.
वस्तुस्थिती : अमरावती महानगरपालिका 1983 मध्ये आणि अकोला महानगरपालिका 2001 मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार सार्वजनिक रस्ते बांधणे आणि त्यांची देखभाल करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या तीव्रतेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे.