टपालाच्या तिकिटांचीं चिमुकलीं हस्तलिखितें

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद पुष्कळ विद्यार्थ्यांस असतो. परंतु आल्बम उघडून "हें तिकीट कोठें छापलें? ह्यावर हेंच चित्र कां?" असें विचारिलें असतां बहुधा उत्तर मिळत नाहीं. पुढें संग्राहक मोठा होतो, आल्बम माळ्यावर जातो, आणि वीस वर्षांनीं तो उघडणाऱ्यास त्यांत रंगीत कागदाच्या तुकड्यांपलीकडे कांहींच दिसत नाहीं. तिकिटें राहतात, त्यांच्याविषयीं कष्टानें मिळविलेली माहिती मात्र नाहींशी होते. ह्यास उपाय सोपा आहे. आपल्या शाळांतून हस्तलिखित मासिक काढण्याची चाल जुनी आहे; तिचेंच धाकटें भावंड म्हणजे एका कागदाची, आठ पानांची, एकाच विषयाची पुस्तिका.

ती करण्यास शिलाई लागत नाहीं, डिंकही लागत नाहीं. एक कोरा कागद तीनदां दुमडून उलगडावा, म्हणजे त्यावर आठ सारखे चौकोन उमटतात. नंतर तो आंखूड बाजूस आंखूड बाजू मिळवून एकदांच दुमडावा आणि दुमडीच्या कडेपासून मधल्या घडीवर, घड्या जेथें मिळतात तेथपर्यंतच, कात्रीनें कापावें. कागद उघडून आतां लांब बाजूस लांब बाजू मिळवावी व दोन्ही टोकें एकमेकांकडे ढकलावीं. मधली चीर फांकते, चार पाखें उभीं राहतात, आणि तीं एका दिशेस वळविलीं कीं पुस्तिका तयार. लिहिण्यापूर्वीं पानांवर शिसपेनीनें आंकडे घालावे. कागद पुन्हां उलगडल्यावर चार पानें उलटीं दिसतील. त्यांत चूक कांहीं नाहीं.

आतां विषय. "जगांतील तिकिटें" हा विषय आठ पानांस पेलणार नाहीं. एक प्रश्न घ्यावा, आणि तो नाशिककरांस तर दाराशींच सांपडतो. १८५५ पासून सुमारें सत्तर वर्षें हिंदुस्थानचीं तिकिटें लंडन येथील डी ला रू ह्या कंपनींत छापलीं जात व आगबोटीनें इकडे येत. १९२५ सालीं नाशिकरोड येथें सरकारी छापखाना, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, स्थापन झाला आणि १९२६ पासून पंचम जॉर्ज बादशहाचीं तिकिटें येथें छापून निघूं लागलीं. मुखवटा तोच, नक्षी तीच. मग लंडनचें तिकीट कोणतें व आपल्या गांवचें कोणतें, हें ओळखावें कसें?

त्याचें उत्तर कागदाच्या पोटांत आहे. कागद तयार होतांना त्यांत जें चिन्ह उठवितात त्यास जलचिन्ह म्हणतात. लंडनच्या तिकिटांत एकच मोठा तारा असे. नाशिकच्या कागदांत लहान लहान अनेक तारे पसरलेले असत. तिकीट काळ्या पाटीवर पालथें ठेवावें किंवा उजेडासमोर धरावें, म्हणजे तारा पुष्कळदां डोळ्यांस दिसतो. कांहीं संग्राहक त्यासाठीं बेन्झीनचा थेंब वापरतात. तें ज्वालाग्राही आहे, मुलांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. एका तिकिटांत एक तारा व दुसऱ्यांत अनेक, असें ज्यानें स्वतः पाहिलें त्याची पुस्तिका निम्मी लिहून झाली असें समजावें. पहिल्या पानावर "लंडन कीं नाशिकरोड?" हें नांव, मधल्या दोन पानांवर दोन्ही ताऱ्यांचीं मोठीं चित्रें, आणि तिकीट कोणाच्या पत्रावरून मिळालें ह्याला एक पान अवश्य. तें पान कोणत्याही छापील सूचींत सांपडणार नाहीं.

दुसऱ्या पुस्तिकेस विषय हवा असल्यास १९३७ पासून निघालेली सहाव्या जॉर्जची मालिका घ्यावी. तींत डाकेचा हलकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार व विमान अशीं टपालाचीं वाहनें आहेत; चित्रकलेची आवड असणाऱ्यास ती मेजवानीच. किंवा नाशिक जिल्ह्यांतील माणसें तिकिटांवर शोधावीं: त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९७१ सालीं तिकिटावर आले, कविवर्य कुसुमाग्रज २००३ सालीं.

मूळ तिकीट मात्र पुस्तिकेंत चिकटवूं नये. डिंकानें त्याची पाठ खराब होते. तें आल्बमांतच हिंज लावून किंवा कप्प्यांत ठेवावें, चिमट्यानें उचलावें, आणि पुस्तिकेंत त्याचें चित्र काढावें. चित्र काढतांना जें दिसतें तें नुसतें पाहतांना दिसत नाहीं. कडेचे दांते मोजावयाची बुद्धिही तेव्हांच होते. दोन सेंटिमीटरांत किती छिद्रें बसतात, हेंच जगभर त्याचें माप आहे. जुन्या पाकिटावर टपालछाप स्वच्छ उमटली असेल तर तिकीट कापूं नये, पाकीटच जपावें.

पालकांस एक विनंती. मुलानें पुस्तिका आणून दाखविली असतां "ह्या तिकिटाचे किती रुपये येतील?" हा प्रश्न प्रथम विचारूं नये. बहुतेक तिकिटांचे फारसे येत नाहींत, आणि तो प्रश्न ऐकलेला मुलगा पुढचें जलचिन्ह शोधीत नाहीं. त्यापेक्षां घरांतील जुनीं पत्रें बाहेर काढून द्यावीं आणि तीं कोणीं, कोठून लिहिलीं तें सांगावें. हल्लीं घरोघरीं पत्रें येत नाहींत, म्हणून जीं आहेत तींच शेवटचीं.

सर्व मजकूर कागदाच्या एकाच बाजूस येत असल्यानें पुस्तिकेची झेरॉक्स प्रत एका कागदांत निघते. चारपांच प्रती काढून वर्गांत वांटाव्या व त्यांच्या बदल्यांत इतरांच्या घ्याव्या. आठवें पान कोरें सोडावें आणि त्यावर एवढेंच लिहावें, "आपणांस अधिक ठाऊक असल्यास येथें लिहून परत द्यावें."