नांव, टीप आणि घड्याळ



आपल्या खिशांतील मोबाईल भारताची वेळ ओळखतो तो एका नांवावरून. 'एशिया/कोलकाता' हें तें नांव. नागपूर असो, पणजी असो कीं दिल्ली, साऱ्या देशाच्या घड्याळास संगणकाच्या दप्तरीं हें एकच नांव आहे. जगांतील अशा नांवांचा संग्रह टाइम झोन डाटाबेस या नांवानें ओळखला जातो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनीं तो आरंभिला.

नांव शहराचें कां, प्रांताचें कां नाहीं, असें कोणी विचारील. नागपूरकरास उत्तर शोधावयास लांब जावें लागत नाहीं. आमचें शहर मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होतें. 1950 सालीं प्रांताचें नांव मध्यप्रदेश झालें, 1956 सालीं आम्ही मुंबई राज्यांत आलों आणि 1960 सालीं महाराष्ट्रांत. नागपूर मात्र नागपूरच राहिलें.

तथापि शहरांचींहि नांवें बदलतात. 2001 सालीं कलकत्त्याचें अधिकृत नांव कोलकाता झालें, आणि पुढें संग्रहांतहि तसा फरक केला गेला. (1995 सालीं मुंबईचें इंग्रजी नांव बदललें तेव्हां मराठी जिभेस कांहींच श्रम पडले नाहींत, ती पहिल्यापासून मुंबईच म्हणत होती.) पण जुनें नांव पुसून टाकतां येत नाहीं. असंख्य आज्ञावल्यांत तें लिहिलें गेलेलें असतें. तें काढलें तर त्या एकाएकीं मुक्या होतील. म्हणून निराळ्या यादींत 'एशिया/कलकत्ता म्हणजेच एशिया/कोलकाता' अशी नोंद ठेविली आहे.

हें झालें यंत्रापुरतें. आज्ञावलीच्या मूळ मजकुरांत माणसांसाठींहि टीपा लिहिलेल्या असतात. या संग्रहांत टीपेच्या आरंभीं दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची जाळी असते. ती दिसली कीं यंत्र पुढचा मजकूर वाचीत नाहीं. खरा धोका येथेंच आहे. नांव चुकलें तर काम अडतें आणि चूक त्याच दिवशीं सांपडते. टीप शिळी झाली तर ती वर्षानुवर्षें गंभीर चेहऱ्यानें खोटें सांगत राहते.

मग नांव बदलल्यावर टीपा कशा सुधाराव्या? 'कलकत्ता' दिसेल तेथें 'कोलकाता' घालावें, हा उपाय सोपा खरा, पण अडाणी आहे. 'भारतीय वेळेसाठीं अमुक नांव लिहा' हें वाक्य आजच्या वाचकास वाट दाखवितें. तेथें नवें नांव हवेंच. परंतु 1906 सालीं भारतीय प्रमाणवेळ आली, तिच्यापूर्वींच्या 'कलकत्ता टाइम'विषयींचें वाक्य इतिहास सांगतें. त्याचें 'कोलकाता टाइम' केलें, तर जुन्या कागदांत तो शोधणारा रिकाम्या हातानें परतेल. प्रमाणवेळेहून सुमारें 39 मिनिटें मागें असलेल्या 'बॉम्बे टाइम'चीहि तीच गोष्ट.

टीपेचें मोल पाहावयाचें असेल तर घरांतील वडीलधाऱ्या माणसाची पत्रिका काढावी. दुसऱ्या महायुद्धांत, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, देशांतील घड्याळें एक तास पुढें होतीं. 1943 सालीं नागपुरांत जन्मलेल्या मुलीची वेळ वहींत सकाळीं 6 वाजून 10 मिनिटें अशी असेल, तर ती आजच्या मापानें 5 वाजून 10 मिनिटें होय. नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारें साडेतेरा मिनिटें मागें. म्हणजे खरी वेळ पांचाला तीनचार मिनिटें कमी. कुंडलीचें लग्न साधारण दोन तासांनीं बदलतें, तेव्हां एका तासानें सारी पत्रिका फिरूं शकते. पत्रिकेवर श्रद्धा असो वा नसो, वजाबाकी बरोबर हवी.

आतां समजा, पत्रिका मांडणाऱ्यांनीं उसनी घ्यावी अशी एक तयार आज्ञावली आहे. अशा आज्ञावलीस लायब्ररी म्हणतात. पूर्वीं तिला युद्धकाळ ठाऊक नव्हता, म्हणून टीपेंत लिहिलें होतें, 'जादा तास वापरणारानें वजा करावा.' पुढें ती वर सांगितलेल्या संग्रहास जोडली गेली. संग्रह तो तास स्वतःच हिशेबांत धरतो. टीप मात्र तशीच राहिली. वापरणारा आज्ञाधारक निघाला, तर तास दोनदां वजा होतो, आणि ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई पहांटे चारच्या सुमारास जन्मलेल्या ठरतात. आज्ञावली जोडणारानें त्याच बैठकींत एक ओळ बदलली असती तरी पुरें होतें: '1942 ते 1945 चा जादा तास येथें वजा झालेला आहे, पुन्हा करूं नये.'