गवतावर बसलेलं न्यायालय

आठवड्यातून एकदा गावातली दुकानं बंद व्हायची, शेतातली कामं थांबायची आणि माणसं मोकळ्या जागेत जमायची. बाकावर बसलेल्या न्यायाधीशांमध्ये कुणी शेतकरी, तर कुणी शिक्षिका. समोर गुलाबी कपड्यांतला कैदी, आणि गर्दीत त्याच्या हातून ज्यांची माणसं मेली तीच कुटुंबं. रवांडातल्या या न्यायालयांचं नाव ‘गचाचा’. तिथल्या किन्यारवांडा भाषेत हा शब्द गवताशी जोडलेला आहे. जमिनीचे, गुराढोरांचे तंटे पूर्वी गवतावर बसूनच मिटवले जात.

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांहून अधिक माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते. हत्याकांडाला विरोध करणारे हुतू समाजाचे लोकही सुटले नाहीत. मारणारे पुष्कळदा शेजारचेच होते. नंतर तुरुंगात एक लाखाहून जास्त संशयित कोंबले गेले, पण न्याय करणारेच उरले नव्हते: बरेच न्यायाधीश आणि वकील मारले गेले होते किंवा देश सोडून गेले होते. संयुक्त राष्ट्रांनी अरुशा शहरात नेमलेल्या न्यायाधिकरणाने वीसेक वर्षांत ९३ जणांवर आरोप ठेवले. नेहमीच्या न्यायालयांवर विसंबलं असतं, तर सगळे खटले संपायला शंभर वर्षंही पुरली नसती.

म्हणून सरकारने जुनी गचाचा नव्या कायद्यात बसवली. २००१ मध्ये गावकऱ्यांनी अडीच लाखांच्या आसपास न्यायाधीश निवडले. जुन्या गचाचात बायकांना निवाड्याचा अधिकार नव्हता. आता त्याही बाकावर बसल्या. वकील नव्हते. कोण कुठे होतं, कुणाच्या हातात कोयता होता, हे गावालाच ठाऊक होतं, आणि गावाचं तेच ठाऊक असणं हा पुरावा होता. कबुली देणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची. मात्र प्रेतं कुठे टाकली हेही त्याला सांगावं लागायचं. दहा वर्षं ज्यांना आपल्या माणसाच्या अस्थीही मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी अनेकांना त्यामुळे निदान ती जागा कळली.

२०१२ मध्ये ही न्यायालयं बंद झाली, तोवर सुमारे १२ हजार ठिकाणी १९ लाखांवर खटले निकाली निघाले होते.

किंमतही मोठी होती. काहींनी जुनी वैरं खोट्या आरोपांतून काढली, काही न्यायाधीशांनी लाच खाल्ली, काही साक्षीदारांचे खून झाले. हत्याकांड थांबवणाऱ्या आणि पुढे सत्तेवर आलेल्या आघाडीच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच ठेवल्या गेल्या. त्या कुटुंबांना गवतावर उभं राहून बोलता आलं नाही.

आणि सगळं गाव बोललं असंही नाही. २०१८ मध्ये राजधानी किगालीच्या कडेला घरांखाली सामूहिक कबरी सापडल्या. पुढच्या वर्षी हजारो मृतांच्या अस्थींना सन्मानाने मूठमाती देण्यात आली. त्या घरांच्या आसपास माणसं वीस वर्षांहून अधिक काळ राहत होती.